पाचव्या भट्टीचं पान

"ही खुर्ची रिकामी आहे का हो?"

मी वर न बघताच म्हटलं, "रिकामीच असते. माझ्या शेजारी कुणी बसत नाही."

"का? चावता की काय?"

"बोलते."

तो हसला आणि बसला. तेव्हा कुठे मी मान वर केली. कोट खांद्यांवर ओला, चष्म्याच्या काचांवर पावसाचे थेंब आणि ते पुसायला खिसे चाचपतोय, पण रुमाल काही सापडत नाही... शेवटी मीच माझा कागदी नॅपकिन पुढे सरकवला. स्ट्यूचा डाग नसलेली बाजू वर करून.

"आभारी आहे," तो म्हणाला. "रोनोकला माझं चष्म्यांचं दुकान आहे. आणि बघा, पुसायला फडकं नाही."

"मग दुकानाचं नाव सांगू नका कुणाला."

नाव त्याने स्वतःचं सांगितलं. लायल ग्रेव्हली. मी माझं सांगितलं, डेलिया. आडनाव सांगायचं राहून गेलं आणि बरंच झालं ते.

आमच्या गावात ऑक्टोबरात तंबाखूचं पान वाळवायची शेवटची भट्टी उतरली की अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये पाइप ओढणाऱ्यांची शर्यत असते. बंब बाहेर पावसात उभा करायचा आणि आत सगळ्यांनी धूर काढायचा. ह्यावर दर वर्षी तोच विनोद होतो आणि दर वर्षी आम्ही हसतो. शर्यत सोपी आहे. सगळ्यांना एकच तंबाखू, सारखी चिमूटभर. दोन काड्या. पेटवायला एक मिनिट. त्यानंतर विझला की विझला, पुन्हा पेटवायचा नाही. ज्याचा शेवटपर्यंत जळत राहील तो जिंकला. बोललेलं चालतं, पण बोलायचं म्हणजे पाइप तोंडातून काढायचा, आणि काढला की त्याची आच गेलीच म्हणून समजा. माझा पाइप दर वर्षी सगळ्यांत आधी का विझतो, हे आता कळलं असेल.

घड्याळ हातात घेऊन मिस ओपल उभ्या राहिल्या. गावात त्यांच्यापुढे शेरीफचंही काही चालत नाही.

"ह्या वर्षीची तंबाखू आपल्या हॉयट पुलियमच्या शेतातली!" त्या म्हणाल्या. "नाव, पाचवी भट्टी. कुणाला काही म्हणायचंय?"

माझ्या शेजारी लायलला जोराचा ठसका लागला.

"अहो, अजून पेटवलासुद्धा नाही!" मी म्हटलं.

"काही नाही... घसा," तो म्हणाला आणि खाली बघून पाइप भरायला लागला. जुना पाइप होता, दांड्यावर दातांच्या खुणा पडलेल्या. बोटं मात्र छान होती त्याची. लांब आणि जपून चालणारी. मी बघत होते हे त्याने पाहिलं, आणि मी पटकन काडी ओढली.

हॉलभर काड्या फुरफुरल्या. मग शांतता. पलीकडच्या टेबलावर डॅडी बसले होते, डोळे मिटून, हळूच एकेक झुरका घेत. गेल्या पंधरवड्यात मला त्यांच्याकडे नीट बघवत नव्हतं.

"तुम्हाला आवडली का तंबाखू?" मी विचारलं.

त्याने पाइप न काढता खांदे उडवले.

"स्पष्ट सांगा. माझीच आहे. म्हणजे पान डॅडींचं, डबी माझी."

आता मात्र त्याने पाइप काढला. "तुमची?" घाईघाईने परत तोंडात घातला, दोन झुरके मारून आच सावरली. चेहरा असा झाला होता, की मला वाटलं ह्याला पुन्हा ठसका लागणार.

झालं. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. कुणी ऐकणारा मिळाला की माझं असंच होतं.

"डॅडींनी आयुष्यभर तंबाखू पिकवली. पान पिवळं करायचं, गासड्या बांधायच्या, ट्रकवर चढवायच्या, संपलं. ते कुठे गेलं, कसं लागलं, कुणी म्हणून येऊन सांगितलं नाही. पाचवी भट्टी अजून लाकडावर चालते आमची. तिच्यातलं थोडं पान मी मागे ठेवलं, दाबलं, मुरवलं, कापलं. थोड्याशाच डब्या झाल्या, पण प्रत्येकीवर डॅडींचं नाव घातलं. म्हटलं, एकदा तरी कुणीतरी सांगेल त्यांना."

"मग?" त्याने दातांतून विचारलं.

"मग मी मूर्खासारखी एक डबी त्या 'पांढरी राख'ला पाठवली. माहितीये ना तो? तंबाखूवर लिहितो. खरं नाव सांगायची लाज वाटत असणार."

"असेल... काहीतरी कारण असेल."

"कारण एकच, शिंगं फुटलीयेत त्याला! लिहितो काय, तर 'पान उत्तम असावं, पण वर चेरीचं अत्तर शिंपडून त्याचा सत्यानाश केला आहे.' चेरी! आमच्या घरात चेरीचा जॅमसुद्धा कुणी खात नाही! डॅडींना मी स्वयंपाकघरात मोठ्याने वाचून दाखवलं. मोठ्या हौसेने, आधी न वाचता. ते एवढंच म्हणाले, 'चेरी?' आणि उठून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाइनची लागवड करणाऱ्यांना फोन केला. सोमवारी त्यांचा माणूस करार घेऊन येतोय. जमीन पाइनला, भट्ट्या पाडायच्या. सोमवारी!"

माझा आवाज चिरकला. पाइपकडे पाहिलं, तर तो केव्हाच गार झाला होता.

"डेलिया पुलियम बाद!" मिस ओपल ओरडल्या. "नेहमीप्रमाणे!"

हॉल हसला. लायल हसला नाही. तो माझ्याकडे असा बघत होता, की माझा राग अर्धा तिथेच उतरला. कुणी इतकं मन लावून ऐकावं, ह्याची मला सवय नव्हती.

"फार वाईट आहे का हो तो माणूस?" त्याने हळूच विचारलं.

"भेटला तर स्ट्यूच्या हंड्यात बुडवीन."

"आणि त्याची खरंच चूक झाली असेल तर?"

"मग आधी चूक कबूल करायला लावीन, नंतर बुडवीन."

तो कसनुसं हसला, आणि त्याच्या पाइपातून धुराची एक निळी रेघ माझ्याकडे आली... मी थांबले. पुन्हा वास घेतला. पुढे वाकले. इतकी, की माझे केस त्याच्या बाहीला लागले.

"अहो, तुमच्या पाइपातून चेरीचा वास येतोय."

"काय?"

"चेरी! सगळ्या हॉलमध्ये एकच तंबाखू जळतेय, आणि वास फक्त तुमच्याकडून. हा पाइप कुणाचा?"

त्याने पाइप काढून हातात धरला आणि पहिल्यांदाच बघावा तसा त्याच्याकडे बघितला. "आजोबांचा. गेल्या वर्षी गेले ते. जन्मभर औषधांच्या दुकानातली ती स्वस्त चेरी तंबाखू ओढायचे. मी खरवडला होता, पुसला होता... बाकीच्या तंबाखूंत कधी जाणवलं नाही. त्या कडक असतात, वास दाबून टाकतात. पण ही इतकी साफ आहे, की..." तो पाइपाच्या आत बघायला लागला. कान लालभडक. "म्हणजे मी जी चेरी लिहिली, ती..."

"तुम्ही लिहिली?"

त्याने जीभ चावली, पण आता उशीर झाला होता.

अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं. मी, जिच्या शेजारी बडबडीला घाबरून कुणी बसत नाही ती मी, तोंड उघडं टाकून बसले आणि शब्द सुचेना! त्याने पाइप पुन्हा तोंडात घातला, आच जागी केली, आणि दोघं शेजारी शेजारी, एकमेकांकडे न बघता... बाहेर पाऊस, आत खुर्च्या मागे सरकल्याचे आवाज. एकेक जण बाद होत होता. शेवटी तिघे उरले. डॅडी, गेली कित्येक वर्षं जिंकणारे न्हावी मर्व्हिन टकर, आणि हा. हा पाहुणा! मिस ओपल घड्याळ धरून त्याच्यामागे येऊन उभ्या राहिल्या. गावाबाहेरचं कुणी इतकं टिकलं नव्हतं.

आणि तो उठला.

"मला काही बोलायचंय," तो म्हणाला.

"बस खाली, पोरा, विझेल!" मर्व्हिन दातांतून म्हणाला.

"विझू दे." त्याने पाइप छातीशी धरला. "मिस्टर पुलियम, तुमच्या पानात चेरी आहे असं मी लिहिलं. 'पांढरी राख' तो मीच. चेरी तुमच्या पानात नव्हती. माझ्या पाइपात होती, माझ्या आजोबांची. तुमचं पान इतकं स्वच्छ होतं की त्यातून ते वर आले, आणि मला ते ओळखू आले नाहीत. मी तुमच्यावर नको तो आळ घेतला. आज घरी गेल्यावर हे जसंच्या तसं लिहीन. पण ज्यांच्यात तुम्ही राहता, त्यांच्यासमोर आधी सांगायला हवं होतं. माझं चुकलं, सर."

त्याच्या पाइपातून शेवटचा धूर वर गेला आणि संपला. मिस ओपल "बाद" म्हणायचं विसरल्या.

सगळा हॉल डॅडींकडे बघायला लागला. आणि डॅडी? ते पाइप ओढत राहिले! तोंडातून काढला तर हरणार ना! डोळे त्या पोरावर, चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. मर्व्हिन बघतोय डॅडींकडे, डॅडी बघतायत लायलकडे, लायल उभाच्या उभा, घामाघूम. मी मनातल्या मनात ओरडत होते, डॅडी, बोला ना हो! शेवटी मर्व्हिनला राहवलं नाही. "अरे हॉयट, दे की त्याला काहीतरी उत्तर!" तो म्हणाला, आणि बोलता बोलता त्याचा विझला.

डॅडींनी सावकाश पाइप काढला.

"जिंकलो ना, ओपल?"

"जिंकलास, बाबा, जिंकलास! आता बोल!"

"पोरा," डॅडी म्हणाले, "चेरीशिवाय कसं लागतं, ते सांगशील?"

"मला माहीत नाही, सर," लायल म्हणाला. "मी अजून ती ओढलेलीच नाही."

मग सगळे पुन्हा हसले, आणि ह्या वेळी तोही.

संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही तिघं पाचव्या भट्टीच्या पायऱ्यांवर बसलो होतो. पत्र्यावर पाऊस बारीक वाजत होता. डॅडींनी मक्याच्या कणसाचा एक कोरा पाइप आणला, स्वतः भरला, स्वतः काडी लावून दिली. लायलने डोळे मिटले. डॅडी त्याच्या तोंडाकडे असे बघत होते, जणू परीक्षेचा निकाल लागणार आहे.

"आधी वाळलेलं गवत," तो हळूहळू म्हणाला. "उन्हात पडलेलं. मग पावाचा करपट कडेचा तुकडा... मग अंजीर. गोड, पण साखरेचं नाही. आणि मागून काहीतरी येतंय, मला नाव सापडत नाही. जुनं लाकूड, ऊबदार... कुणीतरी घरी आहे असा वास."

 डॅडी मागे वळले आणि त्यांनी भट्टीचं दार लोटलं. आतून तोच वास आला.

"हाच," लायल म्हणाला.

"आयुष्यभर पिकवलं," डॅडी म्हणाले.  "कसं लागतं ते आज कळलं. आभारी आहे, पोरा." त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला, आणि मग गुडघ्यांवर जोर देऊन उठले. "मी जरा त्या पाइनवाल्याला फोन करून येतो. सोमवारी उगाच हेलपाटा नको त्याला."

ते गेले आणि माझे डोळे भरून आले. खोटं कशाला सांगू? त्या चष्मेवाल्याला मिठी मारावी असं वाटलं. मारली नाही. आपला पाइप पेटवून गप्प बसले.

"हा आजोबांचा पाइप," तो म्हणाला, "मीठ आणि दारू भरून रात्रभर ठेवला की वास जातो म्हणतात. करून टाकतो उद्या."

मी जोरात मान हलवली. त्याच्या हातातून तो पाइप घेतला, त्याच्याच कोटाच्या आतल्या खिशात घातला आणि वरून थोपटलं. राहू दे आजोबांना त्यात. आमच्या तंबाखूला हा कणसाचा पाइप पुरे.

त्याला कळलं. काही न बोलता कळलं! मला अशी माणसं फार भेटलेली नाहीत.

"डेलिया... मी पुढच्या रविवारी येऊ?" तो थांबला. चष्मा काढला, पुन्हा घातला. "तंबाखूसाठी नाही. तंबाखू काय, टपालानेही येईल. तुझ्या शेजारी बसायला. कुणी बसत नाही म्हणालीस ना, मग ती खुर्ची मला दे. कायमची."

मी पाइप ओढत होते. जन्मात पहिल्यांदा माझा पाइप इतका वेळ जळत होता, कसा लालबुंद, शांत, एकसारखा. मिस ओपल असत्या तर घड्याळ फेकून दिलं असतं.

"काहीतरी बोल ना," लायल म्हणाला. "तू गप्प बसलीस की भीती वाटते."

मी पाइप तोंडातून काढला, पायरीवर ठेवला आणि त्याला विझू दिलं.