खडूवरचा अंगठा

होळी झाली की रायपूरच्या गोल बाजारात माणूस दोनच कामांसाठी येतो. लग्नाची भांडी घ्यायला, नाहीतर कूलर घ्यायला. जयंत तिसऱ्याच कामाला आला होता. बगलेत नकाशाच्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी, घामानं पाठीला चिकटलेला पांढरा शर्ट, आणि दुकानादुकानातून 'नहीं होगा भैया' ऐकून उतरलेलं तोंड.

शेवटच्या दुकानावर पाटी होती… बाबाराव कूलरवाले. बाबाराव भिंतीवर होते, फोटोत, हार घालून. खाली कोणीतरी उकिडवं बसून गॅसच्या निळ्या ज्योतीनं पत्रा जोडत होतं. डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्याला फडकं.

"भैया, जरा…"

ज्योत विझली. चष्मा कपाळावर गेला आणि त्याखालून दोन डोळे निघाले. मोठे, चिडलेले, आणि काळेभोर.

"भैया कोणाले म्हणून राहिले?"

"नाही… मला वाटलं…"

"आता कळलं ना? मग बोला."

त्यानं कागद उलगडला. गंजून जाळी झालेला एक बसका डबा, वर वाकडी मान.

"दुधाची बरणी हाय?" त्या पोरीनं, पिंकीनं, विचारलं.

"ऑइलची टाकी. माझ्या गाडीची. बाकी गाड्यांचं ऑइल इंजिनाच्या पोटाखाली असतं, हिचं वेगळ्या टाकीत असतं. स्पोर्ट्स कार आहे, जुनी. आजोबांनी एका विलायती साहेबाकडून घेतलेली. तिकडे लिहून विचारलं, तर म्हणाले, ही टाकी आता कोणी बनवत नाही. म्हणून अशीच नवी करून हवी."

"किती माणसं बसतात?"

"दोनच."

"अन् घरचे?"

"घरच्यांना टाळायलाच असते ती गाडी…" तो हसला.

पिंकीही हसली. हसायला नको होतं, पण त्या वयात इतकी अक्कल असती तर जगात लग्नंच झाली नसती.

"पिंके!" आतून आवाज आला. वनमालाबाई, बाबारावांची बायको आणि पिंकीची आई. नवरा गेल्यावर दुकान तिनं जिभेवर चालवलं होतं. पडद्याआडून ती बाहेर आली, जयंतला डोक्यापासून बुटापर्यंत पाहिलं. "कोण हाय हा?"

"नमस्कार काकू. मी पुण्याचा. नव्या राजधानीच्या रस्त्यांचे नकाशे करतो."

"काकू तुह्या पुण्यात. इथं मावशी म्हण. अन् आमच्या गल्लीच्या नालीचा बी नकाशा काढ एखाद दिवशी."

वेगळं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती तेव्हा. तेलीबांध्याच्या पुढं शेतांत चुन्याच्या रेघा ओढून कुठं मंत्रालय, कुठं बंगले असं ठरत होतं, आणि त्या रेघा ओढायला अशी गोरीगोमटी माणसं लांबून उतरत होती. येताना एक बॅग आणायची, जाताना तीच न्यायची. गावाचा लळा त्यांना लागत नसे. जयंतनं बॅगेबरोबर गाडी आणली होती, म्हणून पिंकीला वाटलं, हा राहायला आला.

टाकी गाडीत बसते कशी ते पाहायला ती तेलीबांध्याला गेली. जयंतच्या बिल्डिंगखाली ताडपत्रीत झाकलेली लाल गाडी. बुटकी, लांब नाकाची, चाकांना तारांच्या आऱ्या. पिंकीनं इंजिनाशेजारी कोपरापर्यंत हात घातला आणि मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून तिथल्या तिथं टाकीचा आकार केला.

"आत दोन आडव्या पट्ट्या लागतील," जयंत म्हणाला. "वळणावर ऑइल एकदम एका बाजूला जातं. इंजिन कोरडं पडतं."

"म्हणजे वळण आलं की जागा सोडते… भरवशाचं नाही तुमचं तेल."

"म्हणून तर आत कोणीतरी अडवणारं हवं." तो तिच्याकडे पाहत राहिला. मग दार उघडून म्हणाला, "बसून पाहा ना."

"चालू तं होत नाही."

"चालू न होणाऱ्या गाडीत बसायला काय हरकत?"

ती बसली. तोही बसला. समोर तलाव, पाण्यावर संध्याकाळ, आणि गाडी जागची हलत नसताना पिंकीला वाटलं, वारा लागतोय. त्यानं हॉर्न दाबला. मेलेल्या बॅटरीतून म्हातारीच्या खोकल्यासारखा आवाज निघाला आणि दोघं इतके हसले की वॉचमन पाहायला आला.

टाकी तयार झाली. आता परीक्षा. बाबाराव आधी रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात होते, तिथली रीत त्यांनी दुकानात आणली होती. जोडावर बाहेरून खडूचा लेप द्यायचा, वाळू द्यायचा, मग आत रॉकेल भरायचं. सुईच्या टोकाएवढी फट असली तरी पांढऱ्या खडूवर काळपट ओल उमटते. लपवता येत नाही. बाबारावांच्या दुकानातून पाझरती टाकी कधी गेली नव्हती.

रॉकेल भरलं. खडू पांढराशुभ्र राहिला. पिंकीच्या मनात मात्र आलं… टाकी झाली, म्हणजे उद्यापासून हा कशाला येईल? ती हात धुवायला मागं गेली आणि परत आली तो खालच्या जोडावर ओल.

"पाझरतंय वाटतं," जयंत म्हणाला. छताकडे पाहत.

पिंकी वाकली. पाझर असता तर ओलीचा धागा खाली उतरला असता. ही ओल गोल होती, आणि तिच्यावर बारीक बारीक रेघा होत्या. अंगठ्याच्या.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्याचा उजवा हात खिशात होता. कानाच्या पाळ्या लाल.

आता वाचणारीनं सांगावं, कोणत्या पोरीला कोणी असं विचारलं असेल? ना फूल, ना चिठ्ठी. रॉकेलात बुडवलेला अंगठा!

"हव," ती हळूच म्हणाली, "पाझरून राहिलंय. चार दिवस लागतील."

"पाच घ्या. घाई नाही."

असं एकदा झालं, दोनदा झालं, मग मोजणं सोडलं. आई पाहत होती, म्हणून प्रत्येक वेळी पिंकीला ज्योत पेटवून धड जोडावरून फिरवावी लागायची. जयंत रोज संध्याकाळी यायचा. दुकानातला नमुन्याचा कूलर सुरू असायचा, ओल्या वाळ्याचा गंध सुटायचा, बारीक तुषार दोघांच्या तोंडावर यायचे. तो तिला 'तुम्ही'वरून 'तू'वर आला. ती मात्र 'तुम्ही'वरच राहिली, पण कसं म्हणायची ते ऐकायला हवं होतं…

"टाकीले भोकं पडून राहिले का तुह्या डोक्याले?" वनमालाबाईनं एक दिवस विचारलंच.

"पत्रा खराब हाय आई."

"पत्रा नाही. गिऱ्हाईक पाह्य. त्याच्या घरी माहीत हाय का तू कोण?"

पिंकीनं तेच त्याला विचारलं. तो म्हणाला, "अक्षय्यतृतीयेला पुण्याला चाललोय. आईला सांगतो. समोर बसून सांगतो." आणि तिच्या गालावरची काजळी त्यानं अंगठ्यानं पुसली. त्याच अंगठ्यानं.

तो गेला, आणि येतो म्हणाला त्या दिवशी आला नाही. फोन नाही. कूलरचा सीझन भर जोरात, श्वास घ्यायला फुरसत नाही, तरी रस्त्यावर पांढरा शर्ट दिसला की पिंकीची ज्योत हलायची.

आला तो भर दुपारी. नवा शर्ट, आणि बोटात अंगठी.

"टाकी आज मिळेल ना? गाडी ट्रकवर चढवली आहे. बदली करून घेतली मी… पुण्याला."

पिंकी अंगठीकडेच पाहत होती. "काय नाव?"

"ज्ञानदा… पिंकी, सगळं अचानक ठरलं. हॉलसुद्धा आधीच…"

"अन् माझं काय सांगितलं घरी?"

"सांगणारच होतो. आईनं विचारलं, टाकी कुठे झाली. मी म्हटलं…"

"बोला ना."

"एका कूलरच्या दुकानात."

पडद्याआड वनमालाबाईच्या हातातला ग्लास जमिनीवर आपटला. घरच्यांना टाळायची गाडी म्हणे! आईनं ताटावर बसून एक प्रश्न विचारला आणि याचं सगळं तेल एका बाजूला गेलं.

तिनं टाकी काढली, जोडावर खडू दिला, वाळवला, रॉकेल भरलं. जयंत सारखं घड्याळ पाहत होता.

मानेजवळच्या जोडावर एक ठिपका आला. मग ठिपक्याचा धागा झाला आणि खडूवरून खाली उतरत गेला. बारीक, काळपट, खरा.

पिंकीला कळलं. नसलेली फट बुजवायला ज्योत फिरवून फिरवून तिनं धड जोड जाळला होता. तडा गेला होता. तिच्याच हातानं.

जयंतनंही पाहिलं. पुढं झाला, आणि अंगठ्यानं ती ओल पुसून टाकली.

"थोडंसंच आहे. चालेल. पुण्यात बघून घेईन."

"लावायले बी तोच अंगठा, पुसायले बी तोच," पिंकी म्हणाली. "सरका बाजूले."

"पिंकी, ट्रकवाला थांबलाय…"

"थांबू दे त्याले! बाबारावांच्या दुकानातून पाझरती टाकी जात नाही. पोरीले काय, कोणीबी सोडून जाईल. टाकीचं तसं नाही."

तिनं रॉकेल ओतून टाकलं. सोड्याच्या गरम पाण्यानं टाकी पुन्हा पुन्हा धुतली, कारण आत वास राहिला तर ज्योत लावताच ती तोंडावर फुटते. जळका जोड कापला, नवा पत्रा बसवला, चष्मा खाली ओढला आणि निळी ज्योत पेटवली. पत्रा लाल झाला, वितळला, कडा एकमेकांत गेल्या. जयंत कोपऱ्यात उभा राहून पाहत होता. त्यानं घड्याळ पाहणं केव्हा सोडलं ते त्यालाही कळलं नसेल.

पुन्हा खडू. पुन्हा रॉकेल. बराच वेळ गेला. खडू पांढरा तो पांढराच.

"झाली," पिंकी म्हणाली आणि बुडात सांडलेलं पुसायला फडकं शोधू लागली.

वळली तेव्हा जयंत टाकीशी वाकला होता. त्याचा अंगठा ओला होता. जोडापासून इतक्याशा अंतरावर थांबला होता… डोळे भरून आले होते.

"पिंकी… मी पुन्हा…"

एक क्षण होता तो. अंगठा टेकू दिला असता तर चार दिवस मिळाले असते. मग अजून चार. मग त्याच्या आईचा फोन आला असता.

पिंकीनं हातातलं फडकं त्याच्यापुढं धरलं.

"हात पुसा," ती म्हणाली. "जोड पक्का हाय."

त्यानं हात पुसला. तिनं टाकीतलं रॉकेल ओतून काढलं. त्यानं टाकी बगलेत घेतली, पहिल्या दिवशी जुनी आणली होती तशीच, आणि गेला. खडूचा पांढरा पट्टा त्याच्या नव्या शर्टाला लागला होता. ते तिनं त्याला सांगितलं नाही. घरी कोणी विचारलं तर देईल उत्तर.

वनमालाबाई बाहेर आली. जिभेवर आलेलं सगळं गिळलं तिनं, आयुष्यात पहिल्यांदाच. पोरीजवळ पाण्याचा ग्लास ठेवला.

"पिंके, गॅस तं बंद हाय. काळा चश्मा कायले लावून बसली?"

"राहू दे ना आई… थोडा वेळ."