पहिल्या पोस्टरचा मान

मृण्मयीच्या घरात तीन पिढ्यांचा काळा कोट होता. आजोबा वकील, वडील केशवराव वकील, काका वकील. काकांचा कुत्रासुद्धा दारात कुणी आलं की आधी हरकत नोंदवायचा. अशा घरातल्या मुलीनं वकिली सोडून जामबागच्या एका कॉलेजात व्हिडिओचा कोर्स घेतला, तेव्हा चिक्कडपल्लीतल्या त्या दिवाणखान्यात केशवरावांनी तिच्याशी रीतसर तोंडी करार केला. एखादा विषय एकदा राहिला तर चालेल. तोच दुसऱ्यांदा राहिला, तर निमूट लॉ कॉलेजात नाव घालायचं. गेल्या सत्रात तिचा 'प्रसिद्धी' हा विषय राहिला होता.

आता त्याच विषयासाठी तिचा वर्गमित्र चिन्मय आणि तिनं एका गाण्याचा व्हिडिओ केला होता. गाणं त्यांचंच, अर्धं मराठी आणि अर्धं दखनी, नाव 'कुर्सी खाली है'. गायलंही दोघांनीच. पण मार्क गाण्याला नव्हतेच, गाण्याच्या पोस्टरला होते. विषय शिकवणारे मूर्ती सर म्हणजे पोस्टरच्या बाबतीत नाडीपरीक्षा करणारे वैद्य. त्यांची पद्धत ठरलेली. पोस्टर पाच सेकंद दाखवायचं, उलटं करायचं आणि अनोळखी पंचवीस जणांना विचारायचं, आधी कोण दिसलं, माणसं किती, काही सूचना. पाचापेक्षा जास्त लोक चुकले तर पोस्टर बाद. संधी तीन. आणि भरलेला एकही फॉर्म फेकायचा नाही, कितीही गैरसोयीचा असला तरी.

पोस्टर साधंच होतं. डावीकडे गिटार घेऊन चिन्मय, उजवीकडे मृण्मयी, मध्ये रिकामी खुर्ची. खुर्ची काचीगुड्याच्या मराठी मंडळाच्या हॉलमधली होती. चिन्मयची आई मंडळाची सभासद, म्हणून रविवारी सकाळी हॉल मिळाला. पहिल्या रांगेतली पहिली खुर्ची सागवानी, वेताच्या बैठकीची, बाकी सगळ्या प्लॅस्टिकच्या. दोघांनी ती उचलून स्टेजवर ठेवली. खुर्चीच्या पाठीवर पितळी पट्टी होती, तिच्यावर बारीक मराठीत काहीतरी लिहिलेलं. मराठी वाचताना चिन्मय, गल्लीत पाणी तुंबल्यावर पँट वर धरून चालावं, तसा एकेक अक्षर चाचपत जायचा. मृण्मयीची गत फार वेगळी नव्हती. देणगीदाराचं नाव असेल म्हणून दोघांनी ते सोडून दिलं.

पहिली चाचणी कोठीजवळच्या एका इराणी हॉटेलात झाली. पहिलं पोस्टर तिनं गल्ल्यावरच्या मालकापुढे धरलं, पाच मोजले आणि उलटं केलं.

"कितने लोगां दिखे?"

"तीन."

"तीन कैसे, भाई? दो हैं ना."

"दो तुम लोगां. एक बीच में बैठे सो बड़े मियां, काली टोपी वाले." मालकानं सुटे पैसे परत देता देता मान हलवली. "कुर्सी खाली है लिखे, और उसपे आदमी बिठाए. मज़ाक है क्या?"

मृण्मयीनं फॉर्मवर 'तीन' लिहिलं. नियम म्हणजे नियम, वकिलाच्या घरची मुलगी. पण संध्याकाळी मोजदाद झाली तेव्हा पंचवीसपैकी एकवीस जणांनी तीन माणसं सांगितली होती, आणि त्यातल्या अठरांनी टोपी.

"लाइट घे, मृणा, इतकं मनावर नको घेऊ," चिन्मय म्हणाला. "चहा पिताना कोण नीट बघायलं?"

मृण्मयीनं लाइट घेतलं नाही. तिनं फोटो संगणकावर चौपट मोठा केला आणि खुर्ची इंच इंच पाहिली. वेताची वीण दिसली, एक खिळा दिसला, खुर्चीच्या हातावरचा चहाचा जुना डाग दिसला. टोपीवाले काका काही दिसले नाहीत.

मग त्यांनी सोपा उपाय केला. चिन्मयनं पोस्टरमधून खुर्चीच पुसून टाकली. बसायला जागाच नाही म्हटल्यावर बसणारा जाणार कुठे, असा त्यामागचा विचार. दुसरी चाचणी काचीगुडा स्टेशनवर घेतली, कारण गाडीची वाट बघणाऱ्या माणसाला पोस्टर बघण्यावाचून दुसरा उद्योग नसतो.

तेवीस जणांना तीन माणसं दिसली.

"उठके खड़े हो गए बिचारे," एक बुरख्यातल्या बाई कळवळून म्हणाल्या. "इत्ते बुज़ुर्ग आदमी कू बैठने जगा नहीं दिए?" फुलं विकणाऱ्या एका तेलुगू म्हातारीनं पोस्टर दुसऱ्यांदा मागून घेतलं, बघितलं आणि "पेद्दायनकि कोपं वच्चिंदि" असं सांगून पुन्हा गजरा ओवायला लागली. म्हाताऱ्याला राग आलाय, एवढाच त्याचा अर्थ. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी सूचनेच्या रकान्यात लिहिलं होतं की मधले सद्गृहस्थ घड्याळाकडे बघत आहेत, तेव्हा कार्यक्रमाची वेळ मोठ्या अक्षरात टाकावी.

आता एकच संधी उरली होती. चिन्मयनं सगळी माणसं काढून नुसत्या अक्षरांचं पोस्टर केलं, काळ्यावर पिवळी. मृण्मयीनं शहाणपण करून ते आधी शेजारच्या कुसुमताईंना दाखवलं. कुसुमताईंनी चष्मा लावला, पाच सेकंद निरखून पाहिलं.

"नुसते डोळेच आलेत गं," त्या म्हणाल्या. "अक्षरांच्या मागून बघतायत. कोण आहेत? तुमचे सर का?" आणि तिच्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला.

मृण्मयीनं लाडू खाल्ला, पण त्याची चव काही तिला लागली नाही. ती घाबरली होती. खरं सांगायचं तर त्या टोपीवाल्या काकांपेक्षा जास्त ती केशवरावांना घाबरली होती. काका पोस्टरमध्ये येऊन बसले म्हणून मी नापास झाले, हे त्यांना सांगायचं कसं? ते पहिल्यांदा विचारणार, साक्षीदार कोण. साक्षीदार चव्वेचाळीस होते, आणि तीच तर अडचण होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच काचीगुड्याला गेली. हॉल सांभाळणारे नामदेवराव पायऱ्या झाडत होते. मूळचे नांदेडकडचे, शेती सुटून पन्नास वर्षं झाली, पण अजून आभाळ बघितल्याशिवाय ते दिवस सुरू करत नाहीत. तिनं सगळं सांगितलं. हे आपल्याला हसणार अशी तिची खात्री होती.

नामदेवराव हसले नाहीत. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला.

"टोपी काळी का?"

"हो."

"अन् घड्याळ बघायलेत?"

"असं लोक म्हणतात."

"मग हणमंतरावच. चाळीस वर्षं चिटणीस होते मंडळाचे, जाईस्तोवर. एक कार्यक्रम चुकविला नाही, अन् एकाला उशीर केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लेखी अभिप्राय घेऊन हजर. गायक बेसूर झाला तर तेबी लिहीत, चहा पांचट झाला तर तेबी." ते तिला आत घेऊन गेले. "ती पट्टी वाचलीस का, लेकरा?"

मृण्मयीनं मान खाली घातली. मग पितळी पट्टीवर बोट ठेवून सावकाश वाचलं. खुर्ची हलवू नये. कोणत्याही कार्यक्रमाची पहिली पत्रिका येथे ठेवावी.

"आम्ही पत्रिका काढलीच नाही," ती म्हणाली. "आम्ही पोस्टर केलं."

"तेच की ते. पहिलं कुणाला दाविलाव?"

"इराणी हॉटेलात. गल्ल्यावरच्या भाईला."

नामदेवरावांनी डोळे मिटले. चाळीस वर्षांच्या चिटणीसाचा मान एका गल्ल्यावर गेला होता, तेव्हा डोळे मिटण्याखेरीज ते तरी काय करणार.

"एकच मानाची खुर्ची आहे ना?" तिनं विचारलं. वकिलाच्या मुलीला खात्री करून घेतल्याशिवाय राहवत नाही.

"पहिले दोन होत्या, म्हणतेत. माळ्यावर दुसरीचा एक हात पडलाय. तिचं मला विचारू नको, ते माझ्या आधीचं."

तिनं खुर्ची फडक्यानं पुसली. अक्षरांचं पोस्टर सोडून तिनं नवं छापून आणलंच होतं, पहिल्यासारखंच, दोघं आणि मध्ये खुर्ची. त्याची पहिली प्रत तिनं खुर्चीवर ठेवली, आणि आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच म्हणाली, "सॉरी, काका. चुकलं आमचं." म्हणताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर नामदेवराव मोठ्यानं पाणी शिंपडत होते, म्हणजे ऐकत होते.

तिसऱ्या चाचणीला तिनं पंचवीस फॉर्म छापले आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात स्वतःच्या हातानं निळ्या शाईत आकडा घातला. चिक्कडपल्लीच्या बाजारात पहिला माणूस भाजीवाला होता.

"कितने लोगां?"

"दो."

"और कुर्सी पे?"

"खाली है ना. लिखे तो सही तुम लोगां."

मृण्मयीला त्याला मिठी मारावीशी वाटली. पंचवीसच्या पंचवीस जणांनी दोन सांगितले. चिन्मय म्हणाला, "बोललो होतो ना, लाइट घे," आणि दोघांनी जाऊन दोन-दोन बिस्किटं आणि चहा घेतला. घरी केशवराव लॉ कॉलेजचा प्रवेशअर्ज आणून ठेवून वाट बघत होते. तिनं तो घडी करून त्यांच्या टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवला. त्यांनी टेबल दाबून पाहिलं, ते खरंच डुगडुगायचं थांबलं होतं.

सोमवारी अकरा वाजता तोंडी परीक्षा होती. चिन्मयला सरांनी आधी घेतलं आणि दहा मिनिटांत सोडलं. मग मृण्मयी आत गेली. पोस्टर फळ्यावर लावलेलं होतं. मूर्ती सरांनी फॉर्मचा गठ्ठा पत्ते पिसावेत तसा चाळला, एका ठिकाणी थांबले, आणि एक फॉर्म बाहेर काढला.

"ये मराठी में है. मेरेकू मराठी नहीं आती. पढ़ो."

मराठीत फॉर्म कुणीच भरला नव्हता. पंचवीसही फॉर्म तिनं स्वतः भरले होते, लोकांना विचारून, इंग्रजीत.

तिनं फॉर्म हातात घेतला. छपाई तिचीच होती. कोपऱ्यात सव्वीस आकडा होता, काळ्या शाईत. अक्षर बारीक, ताठ आणि प्रत्येक ओळीवर सरळ शिरोरेघ, जुन्या कचेरीतल्या माणसाचं असावं तसं. भरल्याची वेळही घातली होती, सकाळी सात वाजून दोन मिनिटे.

"पढ़ो, अम्मा. टाइम नहीं है."

पहिला प्रश्न. आधी कोण दिसलं? मृण्मयी एकेक अक्षर लावत वाचू लागली. तिचा आवाज तिलाच लांबून ऐकू येत होता.

"मु-ली-च्या मागे... मुलीच्या मागे उभी असलेली बाई."

"मतलब?"

तिनं मतलब सांगितला.

"दूसरा?"

"माणसं किती. तीन."

मूर्ती सरांनी मान वर करून फळ्यावरच्या पोस्टरकडे पाहिलं. पाच सेकंद पाहिलं, त्यांच्याच पद्धतीप्रमाणे. मग समाधानानं मान हलवली आणि मार्क लिहायला घेतले.

"पच्चीस लोगां बराबर देखे नहीं," ते म्हणाले. "ये एक देखा. और तुम फेंके नहीं, फाइल में रखे. इसको बोलते हैं टेस्टिंग."

त्यांनी कागद तिच्याकडे फिरवला. चाळीसपैकी सदतीस.

मृण्मयीनं पोस्टरकडे पाहिलं. डावीकडे चिन्मय, मध्ये खुर्ची, उजवीकडे ती स्वतः. तिच्या मागे हॉलचा पडदा. पडदा आणि काही नाही.

"तीसरा? सजेशन क्या दिए?"

"कुछ नहीं, सर," ती म्हणाली. "खाली है."

आयुष्यात पहिल्यांदा ती पुराव्याबद्दल खोटं बोलली.

बाहेर येऊन ती जिन्यात थांबली. खाली चिन्मय दोन्ही हातांनी खुणा करून किती, किती, असं विचारत होता. तिनं फॉर्म उघडला आणि शेवटची ओळ बोट ठेवून वाचली, पुन्हा वाचली.

'पहिली प्रत पावली. आभार. परंतु तिच्यावर मान माझा नव्हता; जिची दुसरी खुर्ची, तिचा होता. तिला अद्याप कोणी विचारलेले नाही.'

मृण्मयीनं फॉर्मची घडी घातली. मग ती भिंतीकडे सरकली, कठड्याकडची बाजू मोकळी सोडली, आणि एकेक पायरी थांबत, बरोबर कुणी वयस्क असल्यासारखी, हळूहळू खाली उतरू लागली.