भाजल्याचा डाग

२०५२ साली फोटो सगळेच काढत होते, फक्त फोटोग्राफर काढत नव्हते. कऱ्हाडच्या गजानन पोतनीसांकडे सरकारचा 'मूळधारक' परवाना होता. म्हणजे फिल्मच्या जुन्या निगेटिव्ह सांभाळायच्या आणि कुणी मागितलाच तर खरा चेहरा दाखवायचा. वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षापर्यंत फारसा कुणी मागितला नव्हता.

डॉ. हेमलता उपळेकर आल्या त्या आईच्या फोटोसाठी. इंदुमतीबाईंना जाऊन नऊ दिवस झाले होते. लहानपणी चुलीपाशी भाजल्याचा पांढरा डाग त्यांच्या गालावर होता, आणि घरातल्या अकरा हजार फोटोंपैकी एकातही तो नव्हता.

कारण 'सुरूपक'. प्रत्येक फोनमधली ही प्रणाली चेहरा टिपत नसे, ओळखत असे. आणि ओळखला की लोकांनी आजवर पसंत केलेल्या कोट्यवधी चेहऱ्यांच्या अंदाजानं नव्यानं रेखाटत असे. साठवलेले जुने फोटोही तिनं सुधारले होते. तशी परवानगी विचारली होती. सगळ्यांनी न वाचता 'मान्य' दाबलं होतं. हेमलताबाईंनी हे फार सोपं करून सांगितलं. सुरूपक बनवणाऱ्यांत त्याही होत्या.

"घरचा एखादा तरी तसाच ठेवायचा ना, ताई," पोतनीस म्हणाले.

"आईच म्हणायची, किती छान दिसते गं मी."

खरी अडचण पुढे होती. डाग कोणत्या गालावर होता, हेच आता आठवत नव्हतं. त्या डावा म्हणत, भाऊ उजवा.

पोतनीसांनी इंदुमतीबाईंची १९९४ची निगेटिव्ह शोधली. मुलाकडच्यांना पाठवायचा, स्थळासाठीचा फोटो. उजेडासमोर धरली. दोन्ही गाल स्वच्छ.

"काका, डाग?"

"मीच घालवला."

निगेटिव्हवर पांढरा डाग काळा उमटतो, तो ब्लेडच्या टोकानं खरवडला की छापताना नाहीसा होतो, असं ते शांतपणे म्हणाले. मुलीच्या फोटोला एवढं करावंच लागे. चांगला फोटोग्राफर न सांगता करी.

हेमलताबाईंनी भिंग मागितलं. खरवडल्याच्या खुणा सापडल्या. दोन्ही गालांवर.

"एकीकडेच ब्लेड फिरवलं तर दुसरा गाल वेगळा दिसतो," पोतनीस म्हणाले. "माझं काम कधी ओळखू यायचं नाही."

पेन्सिलीनं निगेटिव्हवर डाग पुन्हा काढता येईल, छापल्यावर पांढरा दिसेल, असंही ते म्हणाले. फक्त गाल सांगा. हेमलताबाईंनी भावाला फोन लावला. त्याचीही आता खात्री नव्हती. तू म्हणशील तो, म्हणाला.

पोतनीस पेन्सिलीला टोक काढून बसले होते. हेमलताबाईंनी बराच वेळ निगेटिव्ह न्याहाळली.

"काका," त्या म्हणाल्या, "कोणत्या गालावर शोभेल?"