बुधवारच्या खुर्च्या

देवाच्या कामाला परदेशी गेलेला माणूस कधीच एकटा नसतो, असं मिशनच्या सचिवांनी निरोपाच्या सभेत डोळे मिटून सांगितलं होतं. डोळे उघडल्यावर त्यांनी जेवणाची सोय कुठे केलीय ते विचारलं.

त्या सभेने रवाना केलेल्या दोघींपैकी धाकटी नर्स होती आणि थोरली शिक्षिका. राहायला दवाखान्यामागच्या दोन खोल्या, पुढे एक लांबट दालन. सकाळी तिथे शाळा भरायची. आता शिक्षिकेच्या, म्हणजे ताईंच्या, छातीने दगा दिला होता आणि शाळा बंद होती. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की या दमट हवेत त्या टिकायच्या नाहीत, मायदेशी न्या. ताईंना एकटीने प्रवास झेपणार नव्हता, आणि दवाखाना वाऱ्यावर सोडून नर्सला निघता येत नव्हतं. तिने मिशनकडे एकच मागणं लावून धरलं होतं: माझ्या जागी कोणीतरी पाठवा. सचिव दर वेळी फोनवर सांगायचे की इथल्या चर्चची सगळी मंडळी आत्म्याने तुमच्यासोबत आहे. एकदा पार्सलही आलं. त्यात हेच वाक्य कापडावर भरून फ्रेममध्ये बसवलेलं होतं. नर्सने ती फ्रेम वाऱ्याने आपटणाऱ्या खिडकीला टेकू म्हणून लावली. काम चोख द्यायची.

मिशनची एक जुनी रीत होती. बुधवारी संध्याकाळी तिकडे मंडळी परदेशातल्या कामकऱ्यांसाठी प्रार्थनेला बसे, तेव्हा इकडे भर दुपार असे. त्या वेळी कामकऱ्यांनी आपल्यासमोर रिकाम्या खुर्च्या मांडायच्या, सोबत आहे याची आठवण म्हणून. नर्सला हा निव्वळ पोरखेळ वाटायचा. पण ताईंचा हट्ट.

"मांड गं," त्या म्हणायच्या. "रिकाम्या आहेत तोवर बऱ्या. माणसं बसली की सल्ले सुरू होतात."

त्यांची खाट दालनातच होती. नर्स शाळेच्या खुर्च्या रांगेत लावायची, तास झाला की पुन्हा रचून ठेवायची. एका बुधवारी रचताना एक बैठक हाताला कोमट लागली. उन्हामुळे असेल, ती मनाशी म्हणाली. त्या बाजूला खिडकी नव्हती, हे तिला चहा गाळताना आठवलं.

पुढच्या बुधवारी ओल्या छत्र्यांचा वास आला. बाहेर रखरखीत ऊन होतं. त्यात खोकल्याच्या गोळ्यांचा वास मिसळला, मग डोक्याला लावलेल्या तेलाचा. एक खुर्ची करकरली. मग शेजारची, मग रांगेने सगळ्या, अवघडलेली माणसं कूस बदलतात तशा. कोणीतरी जांभई दाबली.

नर्सचा थर्मामीटर झटकणारा हात तसाच राहिला.

"आले वाटतं," ताई उशीला टेकत म्हणाल्या, आणि पाहुण्यांसमोर बरं दिसावं म्हणून त्यांनी पदर सारखा केला.

तेवढ्यात दवाखान्याचा ड्रायव्हर औषधांची खोकी घेऊन दारात आला. त्याने आत पाहिलं, टोपी काढली, आणि एवढी मंडळी बसली आहेत तर मी मागाहून येतो असं पुटपुटून खोकी पायरीवरच ठेवून गेला.

नर्सने घाबरायला हवं होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे सचिव थापा मारत नव्हते! ही माणसं खरोखर एवढा समुद्र ओलांडून येत होती, बिनतिकीट, बिनपासपोर्ट. आणि येऊन करत काय होती, तर बसत होती. पाण्याची एक बादली उचलायला कोणाचा हात पुढे येत नव्हता. सोबत म्हणे.

त्यानंतरच्या बुधवारी भर प्रार्थनेत ताईंना रक्ताची उलटी झाली.

नर्सने ड्रायव्हरला हाक मारली. तो गाडी फाटकाशी आणायला धावला. तिने ताईंना काखेत धरून उठवलं. वाटेत खुर्च्यांची रांग. तिने पायाने पहिली खुर्ची ढकलली.

खुर्ची हलेना. तिच्यात माणसाएवढं वजन होतं.

दुसरीही हलेना.

ताई हातातून निसटून फरशीवर बसल्या. त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

"उठा," नर्स म्हणाली. "एकजण तरी उठा. पाय धरा त्यांचे."

छत्र्यांचा वास. गोळ्यांचा वास.

कोणी उठलं नाही.

खुर्च्यांमधून चाललेली प्रार्थनेची कुजबूज तेवढी थांबली. मग सगळ्या खुर्च्यांमधून एका सुरात, सावकाश, तिचीच प्रार्थना संपल्यासारखं उत्तर आलं.

"आमेन."

ताईंना चादरीवर घेऊन, भिंतीच्या कडेने फरफटत तिने बाहेर काढलं. इस्पितळाच्या फाटकात गाडी वळली तेव्हा त्या गेलेल्या होत्या. थोडं आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडून हात धुवायला गेले.

सचिवांचा फोन दुसऱ्या दिवशी लागला. त्यांनी सांत्वनाला सुरुवात केली. मंडळी आत्म्याने, एवढं ते म्हणाले आणि नर्सने त्यांना तोडलं.

"मंडळी बघत बसली होती, सचिवसाहेब. पहिल्या खुर्चीपासून शेवटच्या खुर्चीपर्यंत. एकाने उठून वाट दिली असती ना, तर ताई आज जिवंत असत्या."

"कधीचं म्हणताय तुम्ही?"

"कालचं. बुधवारचं. प्रार्थना चालू असताना."

सचिव खाकरले.

"भगिनी, तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं. बुधवारची प्रार्थना बंद होऊन दोन वर्षं झाली. कोणी येतच नव्हतं हो. तो हॉल आता शिवणक्लासला दिलाय."