रूपालीच्या तळघरातली ओल

सत्य कितीही खोल पुरलं तरी एक दिवस वर येतंच. देवळी गावात रूपालीच्या तळघरात मात्र सत्याच्या आधी पाणी आलं. तेही भर मे महिन्यात.

"खुशालभाऊ, लवकर या. भिंत पुन्हा ओली झाली!"

खुशाल हे निवृत्त हवालदार. फोन ठेवताच त्यांनी चप्पल घातली. बायको पापड वाळत घालायला गच्चीवर पाठवणार होती, हेही एक कारण होतंच.

तळघरात रूपालीची अभ्यासिका होती. भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली होती. ती तीनदा सिमेंटने बुजवली. तिन्ही वेळा ओल परतली. पुस्तकांना बुरशी आली, पैसे भरून अभ्यासाला येणारी पोरं खोकू लागली.

"सोमवारपर्यंत वाळली नाई तं पोरं चालली," रूपालीचा आवाज फाटला. "नवरा गेल्यापासून याच खोलीवर घर चालवून राह्यली मी. हे मधुकररावचंच काम हाय. त्याचीबी अभ्यासिका हाय ना मागच्या गल्लीत!"

"चावी कोणापाशी?"

"एक माह्यापाशी, एक मामाजीपाशी."

खुशालनी कुलूप पाहिलं. एक ओरखडा नाही. बाहेर भिंतीलगतची माती उकरली. नुसता धुरळा. छत कोरडं. भेग छतापर्यंत, ओल मात्र छातीच्या उंचीपर्यंतच. समोरच्या टेबलावर पाण्याचे थेंब उडालेले.

दोघं वर आले. रूपालीचे सासरे रूपराव खाटेवर बसले होते.

"काकाजी, ते कॅलेंडर काढून द्या जरा."

"तूच काढ बाप्पा. खांदा धरला माहा, हात वर जात नाई."

खुशालनी कॅलेंडर तिथेच राहू दिलं.

"मधुकररावले सोडा, रूपालीताई. भेगेतलं पाणी झिरपते, टेबलावर उडत नाई. कोणीतरी आत उभं राहून भिंतीवर मारलं. कुलूप शाबूत, म्हंजे चावी होती. अन् मारणाऱ्याचा हात छातीच्या वर जात नाई."

रूपाली सासऱ्याकडे वळली. "मामाजी? असं काऊन केलं?"

"काऊन म्हंजे?" रूपराव चिडले. "पहिल्या खेपेले अंकुश मिस्त्री सांगून गेला, नव्या सिमेंटवर रोज पाणी मारजा, मी बंद म्हणेपर्यंत. तू उठाच्या आधी मारतो. तो काही परत आला नाई, मागून दुसरेच मिस्त्री आले!"

"मले सांगावं नाई?"

"तू विचारलं कुठं?"

भेग पहिल्याच खेपेला बुजली होती. पुढच्या दोन्ही डागडुज्या रूपरावांच्या पाण्यापायी झाल्या होत्या.

रूपाली हसली नाही. सासऱ्याच्या हातातून चावी घेतली आणि पायरीवर बसून मनसोक्त रडली. मग तळघरातले सगळे पंखे लावले.

सोमवारी भिंत कोरडी होती. पोरंही आली. दिवसभर वीज मात्र नव्हती; तळघरात मिट्ट अंधार.