हात आत

त्र्याहत्तर सालच्या दसऱ्याला मरोळच्या त्या बायंडिंग कारखान्यात पूजा आटोपली, पेढे वाटले गेले आणि झेंडूच्या माळा घातलेली यंत्रं तशीच सोडून सगळे घरी पळाले. मागे राहिला एकटा ऑगस्टीन. तो तिथला फिटर. फोरमन श्यामकांतने जाता जाता त्याला चिमटा काढलाच होता, "तुला रे कसला दसरा? केसिंगचे रूळ खरवडून जा. खळ वाळलीय, उद्या डिक्शनरी चढवायचीय."

पूजेनंतर यंत्राला हात लावायचा नाही, हा नियम बाकीच्यांसाठी. गावठाणातल्या ख्रिस्ती माणसाला तो लागू नाही, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. ऑगस्टीनलाही त्यात वावगं वाटलं नाही. नाहीतरी घरी जाऊन मेव्हण्याची बडबडच ऐकायची होती.

केसिंग म्हणजे शिवलेल्या पुस्तकावर पुठ्ठ्याची जिल्द चढवणारं यंत्र. पुस्तक पोलादी पात्यावर बसून वर येतं, दोन्ही बाजूंचे रूळ त्याला खळ फासतात, वरून जिल्द पडते आणि दाबाखाली चिकटते. मध्ये माणसाचा हात आला तर तोही तसाच दाबला जाणार. यंत्राला काय कळतंय? म्हणून दत्तारामने एक रीत पाडली होती. दत्ताराम ते यंत्र चालवायचा. कुडाळकडचा माणूस, ऑगस्टीनचा जिवाभावाचा जोडीदार. फिटरने आत हात घालताना ओरडायचं, "हात आत!" बटणापाशी उभ्या दत्तारामने म्हणायचं, "आत!" आणि "हात बाहेर!" ऐकू येईपर्यंत जागचं हलायचं नाही, कोणाला बटणाला शिवू द्यायचं नाही. एकदा खुद्द शेठ घाई करत आला, तरी दत्तारामने त्याला दाद दिली नव्हती.

श्रावणात दत्ताराम काविळीने गेला. त्याच्या जागी आलेला चंद्रप्रकाश या रीतीला हसायचा. "अंकल, फ्यूज काढलाय ना? मग बोंबलता कशाला?"

ऑगस्टीनने फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकला आणि उजवा हात खांद्यापर्यंत रुळांमागे घातला. बाहेर लख्ख ऊन होतं. कुठेतरी पोरं फटाके उडवत होती. सवयीने त्याच्या तोंडून गेलं, "हात आत!"

"आत," बटणापाशी कोणीतरी म्हणालं.

ऑगस्टीनचं खरवडणं थांबलं. बटणाची बाजू यंत्राच्या आड होती, तिथलं काही दिसेना. झेंडूच्या वासात ओल्या खळीचा आंबूस वास मिसळला. आतली खळ तर दगडासारखी वाळलेली होती.

"कोण... चंद्रप्रकाश?"

"मी रे... हयच उभो आसंय."

दत्तारामचा आवाज ओळखायला ऑगस्टीनला वेळ लागला नाही. भीती वाटली, आणि त्याच वेळी मायेने डोळेही भरून आले. तो हळूच हात मागे घेऊ लागला. तेवढ्यात यंत्र हाताने फिरवायचं हातचाक कुरकुरलं, रूळ किंचित फिरले आणि शर्टाची बाही मनगटापाशी त्यांच्यात धरली गेली.

"काढू नको, ऑगस्टीन... हात भायर इलो की माका जावचा लागात."

"दत्ताराम... सोड रे. उजवा हात आहे माझा. यावरच घर चालतं."

"वायच रव... थंय भारी काळोख आसा. कोणच बोलणा नाय..."

एरवी या माणसासाठी तो दिवसभर थांबला असता. पण रूळ पुन्हा हलले आणि त्याचा धीर सुटला. डाव्या हाताने त्याने गुपचूप शर्टाची बटणं काढली, अंग चोरून त्यातून बाहेर निसटला आणि बाही तशीच आत ठेवून पळाला. "हात बाहेर" मात्र तो म्हणाला नाही. हात आतच आहे, असं दत्तारामला वाटू दे, एवढंच त्याच्या मनात होतं. उघड्या अंगाने धावणाऱ्या ऑगस्टीनला पाहून गावठाणातले लोक हसले. दुपारीच लावलेली दिसतेय, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी यंत्र हलेना. लटकत्या शर्टाच्या खिशातून चंद्रप्रकाशने फ्यूज काढून बसवला होता. मोटर नुसती घुमत होती. सगळ्यांनी मिळून हातचाकाला जोर लावला, तरी ते जाम.

"काय वाट लावून ठेवलीस रे?" श्यामकांत ऑगस्टीनवर खेकसला.

ऑगस्टीनला कारण ठाऊक होतं. आयुष्यात कधी जागा न सोडलेल्या माणसाला आपण फसवलं आणि रात्रभर उभं ठेवलं, याची त्याला मनापासून लाज वाटली. तो यंत्रापाशी गेला आणि फाटक्या आवाजात ओरडला, "हात बाहेर!"

चंद्रप्रकाश फिदीफिदी हसला. पण हातचाक सैल झालं आणि शर्ट घसरून खाली पडला. ऑगस्टीनने सुटकेचा निःश्वास टाकला.

मग अगदी कानाशी, दुसऱ्या कोणालाच ऐकू न येणारा आवाज आला. काळजीचा.

"तू म्हणतंस तर मी जातंय... पण तुझो हात आतच आसा रे..."

ऑगस्टीनने खाली पाहिलं. उजवा हात त्याच्या अंगालगतच लोंबत होता. त्याच्या बोटांवर गार, ओली खळ चढत होती. त्याने ती पँटला पुसली. ती पुन्हा चढली.

तो ओरडायला तोंड उघडतोय तोवर चंद्रप्रकाशने बटण दाबलं होतं.