क्वालिटीतला भाऊ

डिसेंबरातलं धुकं कोल्हापुरात कधी एकटं येत नाही. येताना गुऱ्हाळांचा गोड वास कमरेला खोचून आणतं. त्या सकाळी बावड्याच्या रस्त्यावर असंच धुकं होतं. धुक्यात उसाच्या ट्रॉल्यांची ही भली मोठी रांग, ट्रॅक्टरांवर ठणाणा गाणी, आणि सगळ्यांच्या मागं स्कूटीवर अडकलेली क्रांती कांबळे.

नाकासमोर ट्रॉली. ट्रॉलीतून बाहेर डोकावणारा एक लठ्ठ, रसरशीत ऊस... आता सांगा, कुठल्या कोल्हापुरी हाताला राहवेल? क्रांतीनं धरला आणि ओढला. ऊस अर्धा आला नि अडकला. नेमका तेव्हाच ट्रॅक्टर हलला! एका हातात ब्रेक, एका हातात ऊस, आणि शेजारच्या मोटरसायकलवर एक उंच मुलगा आ वासून बघत बसलेला.

"अवो पावणं, बघताय काय? धरा की!"

बिचाऱ्यानं धरला. दोघांनी मिळून हिसका दिला आणि सट्‌कन ऊस बाहेर आला.

"अहो, पण ही चोरी आहे!" तो दबक्या आवाजात म्हणाला. "आमच्या नाशिकला द्राक्षाच्या घडाला हात लावला तर मालक कुत्रं सोडतो."

"आनी हितला मालक इचारतोय, एकच का घेतलासा?"

तिनं ऊस मधोमध मोडला आणि अर्धा त्याच्या हातात खुपसला. "घ्या. आता अर्धे चोर तुमी."

तो हसला. काय हसला! आधी डोळे हसले, मग गाल, आणि ओठांचा नंबर शेवटी. त्याच्या पापण्यांवर धुक्याचे बारीक थेंब बसले होते. ते पुसावेत असं क्रांतीला उगाचच वाटून गेलं... मग रांग सुटली, हॉर्न वाजले, आणि तो धुक्यात विरघळला.

दुपारी तो कंपनीच्या जिन्यात भेटला.

शिरोलीच्या एमआयडीसीत त्यांची कंपनी. पंपांचे सुटे भाग बनवायचे आणि जर्मनीला पाठवायचे. क्रांती खाली क्वालिटीत. तिनं पास केल्याशिवाय एक नट बाहेर जात नसे. तो वरच्या मजल्यावर, डिझाइनला, आजच रुजू झालेला. नाव राजवीर.

"तुम्ही!" त्याचे डोळे पुन्हा आधी हसले.

आणि क्रांती म्हणाली, "नमस्कार. मी क्रांती. मी इथे क्वालिटी बघते. काही लागलं तर सांगा, मी करून देते."

बघते. देते. सकाळचं ते 'धरा की' कुठल्या कुठं गायब!

त्याचं काय आहे, कोल्हापुरातल्या पोरी 'मी आले' म्हणतच नाहीत. 'मी आलो' म्हणतात. 'मी जेवलो', 'मी गेलतो', 'मी बघतो की'. आई तशीच बोलते, आजी तशीच, शेजारची काकूही तशीच. त्यात कुणाला काही वाटत नाही. पण नोकरीच्या सुरुवातीला क्रांती ट्रेनिंगला पुण्याला गेली होती. तिथं भर वर्गात उभी राहून ती म्हणाली, "सर, मी सांगतो!" अख्खा वर्ग खो-खो हसला. "सांगतो? मिशा कुठायत मग?" कुणीतरी मागून ओरडलं. त्या दिवसापासून बाहेरगावचं माणूस समोर आलं की तिची जीभ आपोआप इस्त्री करून घ्यायची. येते, जाते, करते. एक सुरकुती नाही.

आणि नेमकं याच माणसासमोर ती इस्त्री सगळ्यात कडक व्हायची. तो चहाला विचारायचा, "येता का?" ती म्हणायची, "नको, मला काम आहे. मी नंतर घेते." मग खिडकीत उभं राहून त्याला एकट्याला चहा पिताना बघायची... आणि स्वतःच्याच कपाळावर टपली मारायची.

अशातच पार्टीची टूम निघाली. जर्मनीचे पाहुणे येणार म्हणून साहेबांनी ठरवलं, यंदा ऑफिसात नाताळ! सगळी तयारी पॅकिंगच्या अनुजाकडं. अनुजा म्हणजे क्रांतीची जिवाभावाची मैत्रीण आणि कंपनीचा चालता-बोलता भोंगा. तिनं लगेच ग्रुपवर टाकलं, 'कोण कोण येणार? केक हाय, वर पांढरा रस्सा बी हाय.'

ग्रुपवर सगळ्यांचे कंपनीचेच नंबर, त्यावर माणसांची नावंसुद्धा नव्हती. क्रांतीचा नंबर 'क्वालिटी-३' आणि फोटोच्या जागी पंपाचा पंखा. ग्रुप आपल्याच माणसांचा, तिथं कसली इस्त्री? क्रांतीनं टाकलं, 'मी येतो की मर्दा! रस्सा कोण सोडतंय?'

त्या संध्याकाळी ती रंकाळ्यावर भेळ खात बसली होती. पाण्यावर दिवे लांबत चालले होते, थंडी हळूच कानात कुजबुजत होती. फोन वाजला. डिझाइन-५. डिझाइनला नवा नंबर हा एकच, म्हणजे राजवीर!

'भाऊ, तुम्ही क्वालिटीत ना? एक खासगी विचारू?'

भाऊ? भाऊ! क्रांतीला भेळेतली मिरची लागली. 'येतो की मर्दा' वाचून हा समजला तरी काय... ती खरं सांगणारच होती. पण बोटं आधीच पळाली होती.

'इचारा की.'

'तुमच्याकडची क्रांती कांबळे पार्टीला येणार आहे का?'

भेळेचा घास क्रांतीच्या हातातच राहिला.

'कशाला पायजे?'

'ती येणार असेल तर थांबतो. नाहीतर नाशिकची गाडी पकडतो. आई कधीची बोलावतेय. तिथं माझ्यासाठी नोकरीही बघून ठेवलीय. इथं जीव रमत नसेल तर परत ये म्हणते.'

'आनी जीव रमंना का?'

बराच वेळ नुसतं 'टायपिंग... टायपिंग...'

'भाऊ, पहिल्या दिवशी रस्त्यात एक मुलगी भेटली. ट्रॉलीतून ऊस ओढत होती. मला म्हणाली, धरा की! असं हक्कानं मला कधीच कुणी बोललं नव्हतं. दुपारी तीच ऑफिसात भेटली, पण बातम्या सांगितल्यासारखी बोलली. तेव्हापासून रोज बातम्याच. मी त्या रस्त्यावरच्या मुलीला शोधतोय, भाऊ. बहुतेक ऑफिसातलीला मी आवडत नाही.'

क्रांतीनं फोन छातीशी धरला. भेळवाले मामा ओरडले, "ताई, शेव घालू का अजून?" तिला ऐकूच आलं नाही.

'तुम्ही विचाराल तिला?' पुन्हा फोन वाजला.

'इचारतो,' तिनं लिहिलं. आणि मग... काहीच लिहिलं नाही.

जायचं की नाही? जाऊन 'येते-जाते' बोललं, तर तो बातम्या ऐकून नाशिकला जाणार. खरं बोललं, तर तोंड उघडताच कळणार की भाऊ म्हणजे हीच, आणि त्याचं मन हिनं चोरून वाचलं. रागावला तर? की त्या वर्गासारखा हसला तर? रागावलेलं एक वेळ चालेल. पण ते डोळे आधी हसणारे... ते तिच्यावर हसले तर?

पार्टीच्या दिवशी आई भाकरी थापत होती. क्रांतीचा नवा, मोरपंखी ड्रेस खुर्चीवर तसाच पडलेला.

"जायाचं न्हाय व्हय पार्टीला?" आईनं विचारलं.

"आई, आपलं बोलणं ऐकून कोण हसलं तर?"

"हसू दे की. रडलं तर इचार कर." आईनं भाकरी तव्यावर टाकली. "आनी कोन हसणार हाय एवढा? नाव काय त्याचं?"

"आई!"

"बरं, नगं सांगू. खरं, वल्ले केस घिऊन गाडीवर जाऊ नगं."

तेवढ्यात अनुजाचा फोन आला. "क्रांते, कुठं मेलीस? हितं केक कापायला लागल्यात! आनी ऐक, त्यो तुझा नाशिकवाला बॅग घिऊन आलाय. गेटकडं बघत बसलाय नुसता. कुणाची वाट बघायलाय कुणास ठाऊक!" ठाऊक तिला चांगलंच होतं. फोनवरसुद्धा तिचं हसू लपत नव्हतं.

क्रांतीनं ड्रेस उचलला.

कंपनीचं गेट आज ओळखू येत नव्हतं. धुक्यात कागदी चांदण्या लटकत होत्या. दारातल्या अशोकाच्या झाडाला कुणीतरी स्टोअरमधले वॉशर दोऱ्यांनी टांगले होते, वाऱ्यावर त्यांची किणकिण चालली होती. आत सांताक्लॉज झालेल्या विजयसिंह काकांची कापसाची दाढी सुटून खालून अस्सल झुबकेदार मिशा बाहेर आल्या होत्या, आणि जर्मन पाहुणे पांढरा रस्सा पिऊन डोळे पुसत होते.

आणि राजवीर खांद्याला बॅग लावून गेटातून बाहेर पडत होता.

तो थबकला. मोरपंखी ड्रेस, अर्धवट ओले केस, थंडीनं लाल झालेलं नाक... त्यानं सगळं एका नजरेत पाहिलं आणि नजर खाली घेतली.

"आलात तुम्ही," तो हळूच म्हणाला. "मी निघालोच होतो. मला वाटलं, तुम्ही येत नाही."

क्रांतीच्या जिभेवर वाक्य तयार होतं. कडक इस्त्रीचं. 'हो, मी आले, जरा उशीर झाला.' तिनं श्वास घेतला. वॉशर किणकिणले.

"मी आलो."

त्याच्या कपाळावर एक आठी उमटली. मग भुवया वर गेल्या. मग त्यानं हळूहळू खिशातून फोन काढला, फोनकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, पुन्हा फोनकडं...

"...भाऊ?"

"व्हय."

"म्हणजे मी ते सगळं... तुम्हालाच..."

"सगळं. बातम्यांसकट."

त्याचे कान लाल झाले. अगदी सांताच्या टोपीएवढे. "अहो, पण तुम्ही 'येतो' लिहिलं होतं!"

"मग? मी येतो, मी जातो, मी खातो. हितं सगळ्या पोरी असंच बोलत्यात. पुण्यात हसलेली माणसं, म्हणून तुमच्यासमोर गप्प बसलो. आता तुमाला हसायचं तर हसा. राग आला असंल तर रागवा. खरं, बातम्या आता बंद!"

तो हसला नाही. रागावलाही नाही. खांद्यावरची बॅग त्यानं अशोकाच्या बुंध्याशी ठेवली, सावकाश, जणू आत काचेचं काही आहे.

"एक शंका आहे," तो फार गंभीरपणे म्हणाला. "इथं मुली 'आलो' म्हणतात. मग मुलांनी काय म्हणायचं? मी आली?"

"न्हाय ओ!" क्रांती खळखळून हसली. "पोरगे बी आलोच."

"म्हणजे दोघांचं सारखंच?"

"सारखंच."

तो एक पाऊल जवळ आला. आत कुणीतरी टाळ्या वाजवत होतं, केकचा वास आणि रश्श्याचा वास एकमेकांत मिसळून गेले होते. त्याच्या पापण्यांवर पुन्हा तेच बारीक थेंब होते. या वेळी क्रांतीनं हात पुढं केला आणि बोटाच्या टोकानं ते पुसले.

"मग ऐका..." त्याचा आवाज धुक्यासारखाच झाला होता. "मी प्रेमात पडलो."

क्रांतीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. सोडलं. पुन्हा गुंडाळलं.

"मी बी," ती म्हणाली.

"मी बी काय?" आधी डोळे हसले, मग गाल... "पुरं वाक्य बोला ना. आपल्या भाषेत."

"पडलो की!"